सातवी ‘ब’च्या छतावरील पंखेरावांस

माननीय पंखेराव,



पत्रास कारण की, माझा आवाज गेला आहे आणि तो आपण खाल्ला आहे. खरं तर हे तोंडावर सांगायला हवं होतं. पण आपल्यापुढं बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, हीच तर मूळ तक्रार. म्हणून कागदाचा आधार घेतला. पत्र खुलं ठेवलंय, कारण आपले चुलत-मावस भाऊ कुठल्या कुठल्या शाळांच्या छताला लटकून हाच उद्योग करत असतील आणि त्यांच्या खाली उभ्या असलेल्या बाई घशाला हळद लावत असतील.

आपण 1996 साली वर्गात आलात. पात्यावर लाल रंगात ‘यांच्या स्मरणार्थ’ एवढंच वाचता येतं. कुणाच्या, ते धुळीखाली गेलं. मी 2001 साली आले, म्हणजे आपण मला पाच वर्षांनी सीनियर. त्याचा मान मी कायम राखला. आपण बोलत असताना मी कधी गप्प बसायला सांगितलं नाही, फक्त आपल्यावर आवाज चढवत राहिले. चोवीस वर्षं.

आपल्या आवाजाचं वर्णन करायचं तर गोठ्यातली कडबाकुट्टी आठवते. घर्र, घर्र, खट्. घर्र, घर्र, खट्. रेग्युलेटर पाचावर अडकलेला, त्यामुळं आपल्याला दोनच गती ठाऊक: सुसाट आणि बंद. बंद करावं तर एप्रिलमधली दुपार, वर पत्रा, खाली अडुसष्ट पोरं, त्यातली निम्मी नुकतीच कबड्डी खेळून आलेली. चालू ठेवावं तर शेवटच्या बाकावरचा पोरगा विचारणार, “बाई, कर्मणी का कर्तरी?” तो प्रयोग ओळखत नव्हता असं नाही. त्याला ऐकूच येत नव्हतं.

आपला अपराध मला कळला तो मात्र वीज गेल्यावर. लोडशेडिंगचे दिवस होते. मी विशेषण शिकवत होते आणि मधेच लाईट गेली. आपण दोन गिरक्या घेऊन थांबलात. त्या शांततेत माझं वाक्य भर वर्गात उघडं पडलं: “लाल! लाल काय? साडी!” मी भांडत असल्यासारखी ओरडत होते. समोरच्या बाकावरची पोरगी दचकून उभी राहिली. पोरं हसली, मीही हसले आणि पुढचं वाक्य आपोआप खालच्या आवाजात निघालं. मुद्दाम कमी केला नव्हता, मला विचारून वाढलाही नव्हता.

या प्रकाराला नाव आहे, पंखेराव. एतिएन लोंबार नावाच्या फ्रेंच कान-नाक-घसा डॉक्टरानं 1911 साली तो नोंदवला. कानात गोंगाट सोडला की माणूस नकळत आवाज चढवतो, गोंगाट थांबला की तो आपसूक उतरतो. आजही या सवयीला लोंबारचंच नाव आहे. म्हणजे माझ्या घशाची सूत्रं माझ्या हातात नव्हती, ती आपल्या खटक्याला जोडलेली होती. आपण कारस्थानी आहात असं मी म्हणत नाही. तेवढं डोकं आपल्याला कुणी बसवलेलं नाही.

मग घसा बसायला लागला. आधी दिवाळीच्या सुट्टीआधी बसायचा आणि सुट्टीत सुटायचा. पुढं शनिवारी बसून सोमवारी सुटू लागला. नंतर सुटायचाच बंद झाला. सकाळी बरा असलेला आवाज चौथ्या तासाला घोगरा, सहाव्या तासाला नुसती हवा. स्टाफरूममध्ये चौकशी समिती बसली आणि आरोपी कोण कोण सापडले बघा: वहिनींच्या बाळाच्या बारशातलं आइस्क्रीम, चिंच, ताक, फ्रिजचं पाणी. गणिताच्या सरांच्या मते नवऱ्याशी भांडण. सासूबाईंच्या मते नजर. मान वर करून कुणीही बघितलं नाही. आपण तिथंच फिरत होतात. गुन्हा करून जागेवरच थांबलेला असा आरोपी मी दुसरा पाहिला नाही.

ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. गुळणीचं पाणी घशात कितीही खोल नेलं तरी स्वरयंत्रापर्यंत पोचत नाही, हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. पोचलं तर ठसका लागून आपण उडी मारू. तरी मी दोन वर्षं गुळण्या करत होते. आणि बोलायच्या आधी दर वेळी खाकरत होते. खाकरलं की क्षणभर मोकळं वाटायचं, म्हणून परत खाकरायचं. डॉक्टर म्हणाले, “बाई, टाळ्या वाजवून हाताची आग होते ना? तुम्ही आतल्या आत थपडा मारताय.”

एक दिवस गॅसच्या नंबरासाठी फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, मॅडमच्या नावावर कनेक्शन आहे. त्यांना फोन द्या.” म्हटलं, मीच मॅडम. ती म्हणाली, “सर, चेष्टा करू नका.” त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मिरजेला गेले.

मिरजेला घसा दाखवायला जाणं म्हणजे तसं साजेसं काम. गाव दवाखान्यांचं आणि तंबोऱ्यांचं. गवई उस्ताद अब्दुल करीम खाँ इथंच राहिले. नंबर लांब होता म्हणून मी सतारमेकर गल्लीत चक्कर मारली. एक कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होता. तारेखाली सुताचा धागा केसभर पुढं, केसभर मागं. धागा नेमक्या जागी आला की तार भरून बोलते, जरा हलला की नुसती खरखर. मला म्हणाला, “तार बदलून काय उपेग न्हाई बाई, ती जिथं टेकती ती जागा बघाय लागती.” मी बघतच राहिले. पंचवीस मिनिटांनी डॉक्टर मला अगदी हेच सांगणार होते, फक्त फी घेऊन.

दवाखान्याच्या बाकावर बसलं की कळतं, पंखेराव, की आवाज खाणारे आपण एकटे नाही. आपला वकील उद्या कोर्टात हेच म्हणेल, म्हणून मीच आधी कबूल करते.

माझ्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर आण्णा होते. तीन महिने झाले आवाज बसून. “ज्येष्ठमध चघळतोय, लवंग धरतोय, फरक न्हाई.” म्हटलं, आण्णा, आणि ज्येष्ठमध नि लवंग यांच्या मधे काय? “मधी बिडी की.” इतकं निर्मळपणे सांगितलं की मला हसू आलं. पुढं दोन महिन्यांनी कळलं, स्वरतंतूवर कर्करोग निघाला. तो लवकर हाती लागला, कारण त्या जागी तांदळाएवढं काही उगवलं तरी आवाज चुगली करतो. शेक घेतले. आता घोगरे का होईना, बोलतात. स्वरयंत्राचा कर्करोग बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त, आणि त्याचं मुख्य कारण आण्णांनी मधे ठेवलेलं तेच. पण आवाज बसला की पुरुष लवकर डॉक्टरकडं येत नाहीत. घोगरा आवाज पुरुषाला शोभतोच, असा एक समज आहे. घोगरी बाई मात्र लगेच लोकांच्या कानात खुपते.

समोर एक शेतकरी दादा. त्यांचं उलटं. आवाज पातळ, हवा सुटलेला. त्यांना फोनवर लोक ‘ताई’ म्हणायचे. ते चिडले होते ते वेगळ्याच कारणानं. “घसा दाखवाय आलोय, आन डॉक्टर म्हणत्यात छातीचा फोटू काढा.” आत गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, कारण मास्तरकीची खोड. ते म्हणाले, डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून निघते, सरळ घशात शिरत नाही, तर छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला खालून वळसा घालते आणि परत वर येते. म्हणजे मिरजेहून सांगलीला जायला कोल्हापूरचा वळसा. वाटेत छातीत कुठंही गाठ, क्षयाची सूज, काही झालं, की घशातला डावा स्वरतंतू लुळा पडतो. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्येही ही नस दुखावू शकते. दादांच्या फोटोत काय निघालं ते मला कळलं नाही. फोटो दाखवायचा त्यांचा नंबर माझ्यानंतर होता.

कोपऱ्यात एक कीर्तनकार बुवा होते. हरिपाठ, कीर्तन, मग रात्री एकला पंगत, झणझणीत आमटी, दोनला आडवं. पोटातलं आम्ल रात्री चढून घशापर्यंत येत होतं, छातीत जळजळ मात्र कधीच नाही. त्यामुळं बुवांना ते पटेना. जळजळ न करता हे आम्ल स्वरयंत्राला चाटून जातं हे खरं, पण डॉक्टरांनीही आत दुर्बीण घालून बघितल्यावरच औषध लिहिलं. नाहीतर बसलेल्या घशावर डोळे झाकून पित्ताची गोळी देणारे पुष्कळ आहेत. शिवाय वजन वाढलेल्या, दमणाऱ्या, आवाज जाड झालेल्या एक काकू होत्या. त्यांना रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइडचा संशय. हा त्रास बायकांना फार. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणारी एक कॉलेजची मुलगीही होती. तिचा इलाज सगळ्यात स्वस्त निघाला: पाणी.

माझा नंबर आला. डॉक्टरांनी जिभेचं टोक कापडात धरलं, दुर्बीण आत सारली आणि म्हणाले, “ई म्हणा.” जीभ बाहेर ओढलेली असताना ‘ई’ म्हणणं हा चोवीस वर्षांच्या नोकरीतला माझा सगळ्यात वाईट उच्चार. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. व्होकल कॉर्ड, आपल्या भाषेत स्वरतंतू. लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. पुरुषांच्या जरा लांब आणि जाड, म्हणून त्यांचा आवाज खालचा. मी बोलते तेव्हा त्या पट्ट्या सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आपटतात. पुरुषांच्या साधारण त्याच्या निम्म्या. त्याच वर्गात त्याच पंख्याखाली शिकवणाऱ्या गणिताच्या सरांपेक्षा मला दुप्पट मार. मी बाकावर बसून हिशेब केला: पस्तीस मिनिटांचा तास, त्यातला निम्मा वेळ जरी बोलले तरी दोन लाखांवर आपट्या. सहा तासांचे बारा लाख. आवाज चढवला की प्रत्येक आपटी जास्त जोराची.

आणि त्या पट्ट्यांवर, पुढून एक तृतीयांशावर, जिथं मार सगळ्यात जास्त बसतो नेमकं तिथं, दोन्हीकडं समोरासमोर एकेक बारीक उंचवटा. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात तसे घट्टे. “नोड्यूल,” डॉक्टर म्हणाले. “शिक्षिका, गायिका, भाजीवाल्या. मोठ्यांमध्ये बहुतेक बायकाच. लहानपणी मात्र पोरांना जास्त, कारण ती किंचाळतात.” मग त्यांनी विचारलं, “वर्गात आवाज फार असतो का?” पंखेराव, मी आपलं नाव घेतलं. तोपर्यंत मलाही नक्की माहीत नव्हतं की मी तक्रार करायला आले आहे.

एक गंमत सांगते. जिवंत माणसाचे बोलते स्वरतंतू नीट बघून त्यांचा अभ्यास मांडला तो डॉक्टरानं नव्हे, एका मास्तरानं. मॅन्युएल गार्सिया, गाण्याचा शिक्षक. 1854 साली पॅरिसमध्ये त्यानं दात तपासायचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःच्याच गळ्यात डोकावला. एकशे एक वर्षांचा होऊन गेला. त्याच्या वर्गात आपण नव्हतात.

ऑपरेशन नको म्हणाले. असले घट्टे बहुतेक वेळा बोलण्याची सवय बदलली की मऊ होतात. आधी काही दिवस मौन. कुजबूजही नाही, कारण जोर लावून कुजबुजताना घसा आवळला जातो. घरात पाटी घेऊन वावरले. “भाजीत मीठ कमी” असं लिहून दाखवलं तर नवऱ्यानं शुद्धलेखन तपासलं. मग स्पीच थेरपिस्टकडं गेले. तिनं पेल्यात पाणी दिलं, हातात स्ट्रॉ दिला आणि सांगितलं, बुडबुडे काढत ‘ऊ’ म्हणा. एकोणपन्नास वर्षांची बाई सकाळी सहाला स्वयंपाकघरात पाण्यात बुडबुडे काढतेय हे बघून सासूबाई दारातच थांबल्या. “आवाज गेला तो गेला, आता डोस्कंबी?” मी उत्तरादाखल आणखी बुडबुडे काढले.

शाळेला रीतसर अर्ज दिला: पंखा दुरुस्त करावा किंवा माईक द्यावा. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. म्हणाले, “बाई, घसा सांभाळा. प्रस्ताव समितीपुढं ठेवतो.” समितीचं उत्तर आलं: चालू अंदाजपत्रकात तरतूद नाही. त्याच आठवड्यात स्नेहसंमेलनाचा हिशेब फलकावर लागला. दोन रात्रींच्या साउंड सिस्टिमला किती गेले ते मी इथं लिहीत नाही. एवढंच लिहिते की आमची शाळा आवाजावर खर्च करत नाही असं कुणी म्हणू नये.

शेवटी स्वतःच्या सतराशे रुपयांचा कमरेला लावायचा स्पीकर आणला. पहिल्या दिवशी चालू केला तर आधी एक शिट्टी वाजली, मग माझा आवाज चारी भिंतींतून आला आणि मागच्या बाकावरून पुकारा झाला, “भंगारवाले आले, भंगार!” रागवायला हवं होतं. पण मागच्या बाकाला माझा आवाज स्पष्ट ऐकू आला याचा एवढा आनंद झाला की त्या पोराला मी प्रयोग ओळखायला फळ्यापाशी बोलावलं. कर्तरी होता. त्यानं बरोबर सांगितला. वर्षभर ज्याला मी ढ समजत होते, त्याला फक्त ऐकू येत नव्हतं. पंखेराव, माझ्या घशाचं एक वेळ सोडा. या पोरांचे मार्क आपण कुठं ठेवले आहेत?

आता आपल्याला समज देत आहे. येत्या सोमवारी मी वायरमनला स्वतः बोलावणार आहे. समितीचं जे व्हायचं ते होवो. आणि हे पत्र वाचणाऱ्या इतर बाई-सरांसाठी: घसा बसून तीन आठवडे झाले आणि सुटला नाही, तर आइस्क्रीमची चौकशी थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं दुर्बिणीनं तपासून घ्या. बिडी-सिगारेट ओढत असाल, मानेला गाठ लागत असेल, श्वासाला किंवा गिळायला त्रास होत असेल, थुंकीत रक्त दिसलं, तर तीन आठवडेसुद्धा थांबू नका. आणि एकदा छताकडं बघा.

आपली कनिष्ठ सहकारी,
वर्गशिक्षिका, सातवी ‘ब’

ता. क. सोमवारी वायरमन आला. शिडीवर चढला, आपली वाटी उघडली आणि वरूनच ओरडला, “बाई, बेरिंग गेल्यात दोन्ही. लई वर्सं झाली असत्याल.” अर्ध्या तासात आपण गप्प झालात. आता नुसता वारा येतो. दुसऱ्या तासाला पोरं आपल्याकडंच बघत होती.

सोबत: 1) दुर्बीण तपासणीचा अहवाल, एक प्रत. 2) बेरिंग दोन नग, मजुरीसह, पावती रु. 350 फक्त.